बाई, माझा नंबर कधी? : प्राथमिक शाळेत खेळाचा आणि कलेचा तास नव्याने घेणाऱ्यांसाठी

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या गळ्यात खेळाचा आणि कलेचा तास पडला. गळ्यात पडला असंच म्हणायला हवं, कारण तो घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मला ना धड चेंडू झेलता यायचा, ना हत्ती काढता यायचा. पहिले काही महिने मी मैदानावर शिट्टी फुंकत आणि वर्गात रंगाच्या बाटल्या फिरवत काढले. रोज कानावर एकच प्रश्न यायचा, "बाई, माझा नंबर कधी?" मला वाटायचं, मुलं उतावीळ आहेत. मग एकदा माझ्या वर्गाचा खेळाचा तास एका सहकारी शिक्षकांनी घेतला आणि मी कडेला बसून घड्याळ हातात धरून एकाच मुलीकडे पाहत राहिले. चाळीस मिनिटांत तिच्या हाती चेंडू दोनदा आला. एकदा तर तो नुसताच पायाला लागून गेला. उरलेला सगळा वेळ ती रांगेत होती, रांगेतून हाकलली जात होती किंवा पुन्हा रांगेत शिरत होती.

तो तास माझ्या तासापेक्षा वाईट नव्हता. माझाही असाच होता. तेव्हापासून मी हे दोन्ही तास एकाच मापाने मोजते: एकेका मुलाच्या वाट्याला काम किती आलं आणि ताटकळणं किती आलं. पुढचं सगळं त्यातूनच आलं आहे.

आधी एका मुलावर घड्याळ लावा

नवीन योजना आखण्याआधी हे कराच. दुसऱ्या कुणाला तास घ्यायला सांगा किंवा तुमचा तास चालू असताना एखाद्या सहकाऱ्याला कडेला बसवा. मूल मधल्या फळीतलं निवडा, सगळ्यात चपळही नको आणि सगळ्यात मागे राहणारंही नको. ते प्रत्यक्ष धावतंय, फेकतंय, रंगवतंय किंवा गातंय तेवढाच वेळ मोजायचा. सूचना ऐकणं, रांगेत उभं राहणं, साहित्याची वाट पाहणं हे सगळं धरायचं नाही.

कागदावर हिशेब केला तरी डोळे उघडतात. वर्गात ३६ मुलं, चेंडू एक, सामना २० मिनिटांचा. म्हणजे १२०० सेकंद. चेंडू अगदी न्यायाने वाटला तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३३ सेकंद येतात. आणि चेंडू न्यायाने कधीच वाटला जात नाही. तो चार-पाच पोरांच्याच पायात घुटमळतो. शर्यतीचंही तेच. नऊ-नऊ मुलांच्या चार रांगा केल्या आणि एका मुलाला जाऊन यायला १२ सेकंद लागले, तर तो पुन्हा धावण्याआधी दीड मिनिटाहून अधिक वेळ नुसता उभा असतो. तिघांच्या बारा रांगा केल्या की तोच खेळ दमवणारा होतो.

कलेच्या तासाचा हिशेब याहून करुण आहे. नळ एक आणि ब्रश धुवायला प्रत्येकी अर्धं मिनिट धरलं, तर ३६ मुलांना १८ मिनिटं लागतात. निम्मा तास नळापाशी!

वेळापत्रकात जागा मिळवा आणि राखा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी, आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणारी. उड्या, चढणं, लोंबकळणं यात आलं. आठवड्याच्या दोन-तीन तासांत हे भरून निघणार नाही, हे उघड आहे. म्हणून खेळाच्या तासाकडून अपेक्षा वेगळी ठेवा. त्या तासात मुलाला असं काही यावं की मधल्या सुट्टीत आणि घरी गेल्यावर ते आपण होऊन खेळेल. दोरीउडी येणारी मुलगी सुट्टीत दोरी शोधते. जिला येत नाही ती भिंतीला टेकून बसते.

कलेसाठी शक्य असेल तर जोडतास मागून घ्या. एका तासात साहित्य मांडणं आणि आवरणं यातच पाव वेळ जातो. जोडतासात मांडणं-आवरणं एकदाच होतं. आठवड्याला एकेक तास मिळण्यापेक्षा पंधरवड्याला एक जोडतास मला केव्हाही चालतो. गाण्याचं मात्र उलट. गाणं रोज दहा मिनिटं मिळालं तर आठवड्याच्या एका तासापेक्षा बरं.

परीक्षा जवळ आली की पहिला बळी या तासांचा जातो. दंगा केला म्हणून वर्गाचा खेळ बंद करणं हीसुद्धा जुनी खोड आहे. यावर भांडायचं असेल तर हाताशी एक चांगला आधार आहे: संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम. विश्रांती, खेळ आणि कला-संस्कृतीतला सहभाग हे तिन्ही हक्क त्या एकाच कलमात आहेत. हक्क शिक्षा म्हणून काढून घेत नाहीत, एवढं मुख्याध्यापकांना शांतपणे सांगता येतं. मी दोनदा सांगितलं. एकदा उपयोग झाला.

साहित्य: थोडं, पण प्रत्येकाच्या हातात

पैसे मर्यादित असतील तर एक चांगला फुटबॉल घेऊ नका. अठरा साधे चेंडू घ्या. दोघांत एक चेंडू हे माझं किमान प्रमाण. ते जमत नसेल तर कापडाच्या छोट्या पिशव्या शिवून त्यात धान्य भरा. झेलायला शिकताना अशी पिशवी चेंडूपेक्षा सरसच ठरते, कारण ती उसळत नाही, घरंगळत नाही आणि तळहातात बसते. चेंडूमागे धावण्यात जाणारा वेळ वाचतो. याशिवाय प्रत्येकाला एक दोरी, खुणेसाठी वीसेक शंकू, जमिनीवर ठेवायच्या डझनभर रिंगा आणि खडू. दोरीची लांबी बघायची तर मध्यावर पाय ठेवून दोन्ही टोकं वर ओढायची. मुठी काखेपर्यंत पोचल्या की दोरी बरोबर.

संघ ओळखण्यासाठी पट्टे घेणार असाल तर लाल आणि हिरवा एकमेकांसमोर आणू नका. रंगांधळेपणा मुलग्यांत मुलींपेक्षा बराच जास्त आढळतो आणि त्यात लाल-हिरव्याचाच गोंधळ नेहमीचा. आपला कोण हे न कळणारा मुलगा 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खातो. निळा आणि पिवळा घ्या.

कलेच्या पेटीत लाल, पिवळा, निळा आणि पांढरा हे पोस्टर कलर, तेलखडू, जाड आणि मध्यम ब्रश, कात्र्या, डिंक, जुनी मासिकं आणि भरपूर रद्दी. डावखुऱ्यांसाठी दोन-तीन डाव्या हाताच्या कात्र्या ठेवा. साध्या कात्रीची पाती डाव्या हातात उलटी पडतात, कागद कापला न जाता दुमडतो, आणि पोरगं स्वतःलाच वेंधळं समजू लागतं. काळा रंग मी पहिल्या सहामाहीत देत नाही. बाटली दिसली की सगळं चित्र काळ्या रेघेत कोंडलं जातं. नसली की मुलं निळ्यात लाल कालवून गडद रंग स्वतः शोधतात. हा माझा हट्ट समजा.

मैदानावरचा एक तास, सविस्तर

मुलं येण्याआधी मैदानाला एक चक्कर मारा. काच, खिळा, खड्डा, ओली फरशी. मग ठरवा की मुलं कुठे तोंड करून बसतील. सूर्य त्यांच्या पाठीशी हवा, म्हणजे तो तुमच्या डोळ्यांत येणार. तुम्ही सोसा. डोळे मिचकावणारं मूल सूचना ऐकत नाही. त्यांच्या समोर रहदारी किंवा दुसऱ्या वर्गाचा खेळ येणार नाही हेही बघा.

शिट्टीला एकच अर्थ ठेवा: जिथे आहात तिथे थांबा. सुरू करायला शिट्टी वाजवू नका, रागवायला तर अजिबात नको. पहिल्या आठवड्यात फक्त हाच खेळ घ्या: मोकळं पळा, शिट्टी, पुतळा. या एका सवयीवर पुढचं सगळं वर्ष उभं राहतं.

मैदानावर पोचताच हालचाल सुरू करा, हजेरी आणि भाषण नको. चार मिनिटं शिवाशिवी. पण शिवलं गेलेल्याने बाहेर बसायचं नाही. तो जागेवर पाय फाकून उभा राहील आणि कुणी पायांखालून सरपटत गेलं की सुटेल. बाद होऊन बाहेर बसण्याच्या खेळांवर माझा राग आहे, आणि तो अकारण नाही. अशा खेळात पहिला बाद कोण होतो? ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच. आणि शेवटपर्यंत खेळत कोण राहतं? ज्याला आधीच सगळं येतं.

त्यानंतर मुख्य भाग. नव्याने तास घेणाऱ्याला सगळ्यात सोपी रचना ठाण्यांची. सहा ठाणी, प्रत्येकी सहा मुलं, एका ठाण्यावर चार मिनिटं आणि बदलायला अर्धं मिनिट. सगळी मिळून २७ मिनिटांच्या आत बसतात. एका ठाण्यावर भिंतीवर चेंडू मारून झेलणं, दुसऱ्यावर दोरीउड्या, तिसऱ्यावर रिंगांतून लंगडी, चौथ्यावर जमिनीवरच्या खडूच्या रेघेवरून तोल सांभाळत चालणं, पाचव्यावर खूण साधून फेकणं, सहाव्यावर शंकूंमधून चेंडू पायाने नेणं. नवं काम एका वेळी एकाच ठाण्यावर ठेवा आणि स्वतः तिथेच उभ्या राहा. उरलेल्या पाच ठाण्यांवर मुलांना आधीच येत असलेलं काम असू द्या. सहाही ठाण्यांवर नवी कामं मांडून मी एक तास पूर्ण बुडवलेला आहे.

शेवटची तीन मिनिटं चालणं, खोल श्वास, आणि एकच प्रश्न. "आज चेंडू कधी सुटला आणि कधी हातात राहिला?" मुलं उत्तरं देतात, आणि ती पुढच्या तासाला तुमच्या कामी येतात.

काय शिकवायचं

पहिली-दुसरीत खेळ शिकवू नका, हालचाली शिकवा. धावणं, थांबणं, दिशा बदलणं, उडी मारून हलकं उतरणं, लंगडणं, लोळणं, फेकणं, झेलणं, मारणं, तोल. या आल्या की खेळ आपोआप येतात. न आल्या तर चौथीत गेलेलं मूल खेळ टाळू लागतं.

फेकण्याचं उदाहरण घ्या. उजव्या हाताने फेकणारं लहान मूल बहुधा उजवाच पाय पुढे टाकतं, समोर तोंड करून उभं राहतं आणि चेंडू कोपरातून ढकलतं. 'जोरात फेक' म्हणून काही होत नाही. त्याला आडवं उभं करा, डावा खांदा खुणेकडे. खडूने पुढे एका पावलाची खूण काढा आणि म्हणा, "डावा पाय खुणेवर, मग हात." विरुद्ध पाय पुढे पडला की कंबर वळते आणि चेंडू एकदम दुप्पट लांब गेल्यासारखा वाटतो. मूल चकित होऊन स्वतःच्या हाताकडे बघतं. आणखी एक युक्ती: नेमकी खूण नंतर द्या. आधी 'भिंतीपार जाऊ दे' असं सांगा. नेम साधायला लावलं की मुलं ताकद चोरतात आणि फेक पुन्हा आखडते.

झेलताना मूल डोळे मिटतं आणि चेहरा वळवतं, कारण त्याला चेंडू लागण्याची भीती असते. तिथे फुगा किंवा पिशवी द्या. भीती गेली की झेल येतो. आधी झेल आणि मग भीती जाते असं मी तरी पाहिलेलं नाही.

तिसरीपासून छोटे सामने घ्या, पण तीन विरुद्ध तीन किंवा चार विरुद्ध चार, एकाच वेळी चार-पाच ठिकाणी. पंच तुम्ही नाही. वाद झाला तर फेक पुन्हा. नियम मुलांच्या मापाने बदलायला कचरू नका. बास्केटबॉलची कडी मोठ्यांसाठी ३.०५ मीटर उंच असते, मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये ती २.६० मीटरवर येते. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये हा खेळ सुरू केला तेव्हा फळांच्या टोपल्या लावल्या होत्या आणि त्यांचे तळ शाबूत होते. प्रत्येक गोलनंतर कुणीतरी वर चढून चेंडू काढायचा. ताटकळणं तिथेही होतंच. ते टोपलीचा तळ गेल्यावर संपलं. तुमच्या खेळात तो तळ कुठे आहे ते शोधा: दूर जाणारा चेंडू, लांब रांग, लांबलचक सूचना.

संघ पाडताना दोन कप्तानांना मुलं निवडू देऊ नका. शेवटी उरलेल्या दोघांना तो प्रसंग जन्मभर आठवतो. त्याऐवजी म्हणा, "पाच आकडे मोजेपर्यंत जोडी करा." मुलं आपापल्या तोडीच्या मित्राजवळ जातात. मग, "एकाने बसा, एकाने उभं राहा. बसलेले निळे, उभे पिवळे." अर्ध्या मिनिटात संघ तयार, आणि बहुधा तुल्यबळ.

दुखापत आणि आजार

थोडक्यात सांगते, पण हे गाळू नका. दम्याच्या मुलाचा इनहेलर कार्यालयाच्या कपाटात नको, मैदानावर हवा. पाण्यासाठी परवानगी लागू नये. गळ्यातल्या साखळ्या, लोंबती कानातली खेळापूर्वी काढायची. डोक्याला मार लागलेलं मूल 'बरं वाटतंय' म्हणालं तरी त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, आणि घरी त्याच दिवशी कळवायचं. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर डॉक्टर लगेच. मुलं मोजून न्यायची, मोजून आणायची.

कलेचा तास: आधी मांडामांड

चित्र काढता येत नाही म्हणून कलेचा तास घ्यायला घाबरणाऱ्यांनी ऐकावं: तुम्हाला हत्ती काढता येत नाही हे बरंच आहे. ज्या बाई फळ्यावर सुरेख हत्ती काढतात त्यांच्या वर्गात ३६ हत्ती निघतात, सगळे त्याच हत्तीचे फसलेले भाऊ. आणि काही सांगितलंच नाही तर दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी आणि इंग्रजी एमच्या आकाराचे पक्षी.

साहित्य चौघांच्या गटाला एकत्र द्या. मधोमध एक थाळी: चार रंगांचे चमचाभर गोळे, पाण्याचे दोन डबे (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ), जुनं फडकं. ब्रश पाण्यात उभे ठेवून विसरायचे नाहीत, केस वाकतात. प्रत्येक गटाचा एक साहित्यप्रमुख दर आठवड्याला बदलता. कागदाच्या मागे नाव आधी, रंग नंतर. शेवटची आठ मिनिटं आवरायची आणि ती घड्याळ बघून सुरू करायची. ब्रश नळावर कुणी न्यायचे नाहीत. सगळे एका बादलीत जमा, दोन मुलं धुतील. अठरा मिनिटांचा हिशेब आठवा.

ओली चित्रं कुठे ठेवणार हे तास सुरू व्हायच्या आधी ठरवा. भिंतीला बांधलेली दोरी आणि चिमटे पुरतात. माझ्या पहिल्या तासाला हे सुचलं नव्हतं, आणि ३६ ओली चित्रं एकावर एक रचून मी एकच जाडजूड चित्र तयार केलं होतं.

हाताला काय द्यायचं

व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. वयं अंदाजाने धरायची, पण टप्पे ओळखू येतात. साधारण सातच्या सुमाराला कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते आणि सगळं तिच्यावर उभं राहतं. वर आकाशाची निळी पट्टी, मधे कोरी जागा. घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात. या चुका नाहीत. 'आकाश खालपर्यंत येतं' म्हणून दुरुस्त करू नका. नऊ-दहाच्या आसपास मात्र मूल स्वतःच्या चित्राकडे परक्यासारखं बघू लागतं आणि म्हणतं, "मला चित्र येत नाही." हा नाजूक काळ. इथे बरीच मुलं चित्र सोडतात ती कायमची.

या मुलांना कल्पनाचित्र नको, बघायला शिकवा. प्रत्येकाने आपलाच एक बूट बाकावर ठेवायचा. पाच मिनिटं पेन्सिल उचलायची नाही, फक्त बोलायचं: नाडी कुठून आत जाते, टाच कुठे झिजली आहे, आतलं काळं भोक कुठल्या आकाराचं आहे. मग काढायचं, मोठं, कागदभर, खोडरबराशिवाय. चुकलेली रेघ तशीच राहू द्यायची, शेजारी नवी काढायची. एका मुलाने फक्त झिजलेली टाच काढली, पानभर. वर्गात त्या दिवशी त्याहून चांगलं चित्र दुसरं नव्हतं.

रंग कालवण्याचा एक तास वर्षाच्या सुरुवातीला हवाच. आधी पिवळा घ्यायचा आणि त्यात ब्रशच्या टोकाने निळा, कणभर. फिक्यात गडद मिसळायचा. उलट केलं तर निळ्याला हिरवा करता करता पिवळ्याची बाटली संपते. "जमतील तेवढे वेगवेगळे हिरवे करा" एवढंच काम द्या. वीस-वीस हिरवे निघतात आणि मग मुलं खिडकीबाहेरच्या झाडात ते शोधायला लागतात.

मातीकामात दोनच गोष्टी सांभाळा. हात, कान नुसते चिकटवले तर वाळल्यावर गळून पडतात. दोन्ही बाजू पेन्सिलीने ओरखडायच्या, मधे पातळ चिखल लावायचा, मग दाबायचं. आणि वस्तू सावलीत हळूहळू वाळवायची. जाड ठोकळा उन्हात ठेवला की बाहेरून आधी आटतो आणि तडकतो.

मुलाच्या चित्रावर तुमची पेन्सिल कधीही लावू नका. दाखवायचं असेल तर कडेच्या कागदावर दाखवा. 'छान, छान' म्हणत फिरण्यापेक्षा जे दिसतं ते बोला: "इथे तू ब्रश कोरडा वापरलास, म्हणून पावसासारखं दिसतंय." मूल पुढच्या वेळी ते मुद्दाम करून पाहतं.

गाणं, ताल, नाटक

गाण्यात ताटकळणं डोळ्यांना दिसत नाही, कारण सगळ्यांची तोंडं हलत असतात. खरं तर पुढच्या दोन रांगा गातात आणि बाकीचे ओठ हलवतात. रांगांमधून फिरत गाऊन बघा, लगेच कळतं. उपाय म्हणजे छोटे सवाल-जवाब: तुम्ही एक ओळ, वर्ग एक ओळ, मग खिडकीकडचे, मग दाराकडचे, मग चौघेच.

पुरुष शिक्षकांसाठी एक सूचना. मुलांचा आवाज तुमच्या आवाजाहून साधारण सप्तकभर वर असतो. तुमच्या सोयीच्या स्वरात गाणं उचललंत की काही मुलं तुमच्या खर्जाची नक्कल करत घशातून पुटपुटतात आणि 'बेसूर' ठरतात. वाद्यावर मुलांचा स्वर द्या, किंवा सुरात गाणाऱ्या एखाद्या मुलीला ओळ सुरू करू द्या.

वाद्यं नसतील तरी अडत नाही. टाळी, चुटकी, मांडीवर थाप, पायाचा ठेका. जर्मनीत कार्ल ओर्फ आणि गुनिल्ड केटमान यांनी मुलांच्या संगीताची जी पद्धत बसवली तिची सुरुवात बोलणं, टाळ्या आणि हालचालीपासूनच होते. त्यांच्या झायलोफोनच्या पट्ट्या काढून ठेवता येतात. सा रे ग प ध एवढ्याच ठेवल्या तर मूल कुठेही मारो, कानाला बोचत नाही. सगळ्यांना एकदम वाजवता येतं, कुणाला 'तू थांब' म्हणावं लागत नाही. मला ती युक्ती फार आवडते.

ठेका आणि बोल यातला फरक पायाने शिकवा. पाय सारखा चालत राहील, टाळी मात्र शब्दांवर पडेल. दुसरीतल्या मुलांना सुरुवातीला हे अशक्य वाटतं. पंधरा दिवसांत जमतं, आणि मग दोरीउडीचा तालही सुधारतो. मैदान आणि कला यांच्यात भिंत नाही, हे मला त्या दोरीने शिकवलं.

नाटकात पुढे एक मूल आणि समोर पस्तीस प्रेक्षक ही मांडणी सुरुवातीला टाळा. सगळा वर्ग जोड्यांमध्ये आरशाचा खेळ खेळतो: एक हळूहळू हलतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब. कुणीच बघत नसतं म्हणून कुणीच लाजत नाही. नाचातही चौघांच्या गटाला आठ मात्रांच्या स्वतःच्या हालचाली बसवायला द्या, मग दोन गट एकमेकांना आपापल्या शिकवतील. सोळा मात्रा तयार.

कडेला राहणारी मुलं

माझ्या वर्गात एक मुलगा दर खेळाच्या दिवशी बूट विसरायचा. मी दोन महिने त्याला रागावले. मग कधीतरी लक्षात आलं की शर्यत नसलेल्या दिवशी बूट बरोबर असतात. सगळ्यांदेखत शेवटी येणं त्याला नको होतं. त्यानंतर मी शर्यत बदलली: दोन मिनिटांत स्वतःच्या कालच्या फेऱ्यांपेक्षा एक जास्त. कोण कितव्या फेरीत आहे हे कुणालाच कळत नाही. बूट येऊ लागले.

चाकाच्या खुर्चीतल्या किंवा कमी दिसणाऱ्या मुलाला गुणलेखक करून बसवणं हा सोपा आणि वाईट मार्ग. जागा, काम, साहित्य आणि सोबत, या चारपैकी एक गोष्ट बदलून बघा: मैदान लहान करा, टप्पा पडल्यावर झेलायची मुभा द्या, चेंडूत घुंगरू घाला, किंवा जोडीदार द्या. बहुतेक वेळा एकच बदल पुरतो. काय बदलायचं हे त्या मुलालाच विचारा. त्याने आधीच विचार करून ठेवलेला असतो.

नोंदी आणि कार्यक्रम

गुण देण्यासाठी परीक्षा घेत बसू नका, तो पुन्हा रांगेचाच कारभार. वहीत प्रत्येक तासाला पाच नावं आधीच लिहा आणि फक्त त्यांच्यावर नजर ठेवा. आठ तासांत ३६ मुलांची पहिली फेरी होते. नोंद एका ओळीची: 'फेकताना अजून उजवाच पाय', 'हिरव्यात लाल घालून तपकिरी शोधला', 'मोठ्याने गाते, ठेका सोडते'. पालकसभेत या ओळी अ-ब-क श्रेणीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

वार्षिक कार्यक्रम हा या सगळ्याचा मोठा शत्रू होऊ शकतो. महिनाभर तालमी, त्यात आठ निवडक मुलं पुढे आणि बाकीची मागे झाडं बनून उभी. माझी अट अशी की वर्षभराच्या तासांत जे झालं त्यातलंच रंगमंचावर जाईल. सोळा मात्रांचे नऊ गट, टाळ्यांचे सवाल-जवाब, दोरीउड्या तालावर, आणि पडद्याऐवजी मागे छत्तीस बुटांची चित्रं. तालमीला एक आठवडा पुरतो. पहिल्या वर्षी एका पालकांनी विचारलं, मुख्य भूमिका कुणाची आहे? मला उत्तर देता आलं नाही, तोवर त्यांचा मुलगा रंगमंचावरून दोरी हातात घेऊन निघून गेलेला होता.